गाडीतला अँप्लिफायर : चॅनल किती, ओहम किती, वॅट खरे किती?

गणपती जवळ आले की या सदराकडे गाडीतल्या आवाजाबद्दलची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बहुतेक अँप्लिफायरच्या चॅनलवर अडली आहेत. सारख्या पत्रांचा एकच प्रश्न केला आहे. हिशेबात इंजिन चालू असतानाचे १३.८ व्होल्ट धरले आहेत, आणि जिथे नुसतं ‘वॅट’ लिहिलं आहे तिथे आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, समजावी.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या चार दरवाजांत चार स्पीकर आहेत, डिकीत बेससाठी एक सबवूफर टाकायचा आहे. दुकानदार पाच चॅनलचा अँप घ्या म्हणतो, मित्र म्हणतो चार पुरे, भाऊ म्हणतो नुसता मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, घे. चॅनल मोजायचे तरी कसे? — रत्नागिरी

चॅनल म्हणजे अँप्लिफायरमधली एक स्वतंत्र वाट. एका टोकाने कमजोर सिग्नल आत येतो, दुसऱ्या टोकाला तो मोठा होऊन स्पीकरच्या दोन टर्मिनलवर बाहेर पडतो. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि बेस, असे पाच वेगळे सिग्नल तुम्हाला मोठे करायचे असतील तर पाच वाटा लागतात. दुकानदाराचं गणित चुकीचं नाही. प्रश्न एवढाच की पाचही मोठे करायची गरज आहे का.

बहुतेक वेळा गाडीत पुढे दोघं बसतात आणि गाणं समोरून ऐकू यायला हवं असतं. मागचे दोन स्पीकर फक्त भरीला. ते डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवरच राहू द्या. स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात दर चॅनलला १५ ते २० वॅटच मिळतात, कारण आत व्होल्टेज वाढवणारा भागच नसतो. मागच्या सीटला तेवढं पुष्कळ होतं. मग चार चॅनलच्या अँपचे १ आणि २ पुढच्या दरवाजांना द्यायचे, ३ आणि ४ एकत्र जोडून, म्हणजे ब्रिज करून, सबवूफरला. तुमच्या गाडीसाठी आमचं मत हेच. एक अँप, एक पॉवर वायर, एक अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडायची मायनस वायर).

पाच चॅनलचा अँप सात आसनी गाडीला शोभतो. मुंबई-गोवा महामार्गावर प्रवासी नेणाऱ्या गाडीत मागच्या दोन रांगांनाही तेवढंच स्पष्ट ऐकू जायला हवं. नुसता मोनो घेतला तर दरवाजातले स्पीकर स्टिरिओच्या १५ वॅटवरच राहतात. बेस अंगावर येतो, गायकाचा आवाज मागे पडतो, आणि मग माणूस स्टिरिओ शेवटपर्यंत पिळतो. दरवाजातले स्पीकर जळतात ते बहुधा असे.

कंपोनंट सेटबद्दल बऱ्याच जणांचा घोळ होतो. वूफर, ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) आणि त्या दोघांना सूर वाटून देणारी छोटी क्रॉसओव्हरची डबी मिळून एकच चॅनल वापरतात. डबी काढून ट्विटरला वेगळा चॅनल दिला तर पुढच्या दोन बाजूंनाच चार चॅनल लागतील. ते करायचं असेल तर ट्विटरच्या चॅनलचं हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास लावून मगच आवाज सोडा. फिल्टर लावायचा राहिला तर ट्विटर पहिल्याच गाण्यात जातो.

जोडणी झाल्यावर पुढच्या चॅनलना हाय-पास ८० हर्ट्झ, सबवूफरला लो-पास (वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झ, इथून सुरुवात करा. स्टिरिओला सबवूफरची वेगळी आरसीए (अँपकडे सिग्नल नेणारी जोडणी) नसेल तर मागची आरसीए ३ आणि ४ ला द्या. मग स्टिरिओतला फेडर (पुढचा-मागचा आवाज वाटणारं बटण) बसल्या जागी बेस कमी-जास्त करायच्या बटणासारखा वापरता येतो. मागच्या स्पीकरचा आवाजही त्याबरोबर हलतो, ही त्यातली अडचण. स्टिरिओला एकच आरसीए जोडी असेल तर अँपवरचा इनपुट स्विच ‘२ चॅनल’वर करा, म्हणजे त्याच जोडीतून चारही चॅनलना सिग्नल मिळतो. हा स्विच घेतानाच पाहा, सगळ्या अँपना नसतो.

प्रश्न : ऑनलाइन एक चार चॅनलचा अँप २,००० वॅटचा दिसतो, तेवढ्याच किमतीत दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा ‘५० गुणिले ४’ दिसतो. पहिला का घेऊ नये? — खेड

पहिल्याच्या अंगावरचा फ्यूज पाहा. खोक्यावर काहीही छापता येतं, फ्यूजला तेवढी मोकळीक नसते.

समजा फ्यूज २५ अँपिअरचा आहे. २५ गुणिले १३.८ म्हणजे आत जाणारे ३४५ वॅट. क्लास एबी रचनेचा अँप त्यातले सुमारे ६० टक्के स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे २०७ वॅट, चार चॅनलना वाटले तर दरेकी ५० च्या आसपास. क्लास डी असेल तर ८० टक्के धरा, दरेकी ७० पर्यंत जाईल. दोन हजार वॅट काढायचे तर क्लास डी अँपलाही १८० अँपिअर लागतील. लहान पेट्रोल गाडीचा आल्टरनेटर त्याच्या निम्म्यानेही देत नाही.

हा अंदाज वरच्या टोकाचा आहे. क्षणभरासाठी फ्यूज जास्त प्रवाह सोडतो, आणि काही कंपन्या मुद्दाम मोठा फ्यूज बसवतात. माहितीपत्रकात ‘१४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्का डिस्टॉर्शन’ अशी अट लिहून वॅट दिले असतील तर आकडा विश्वासाचा. सीईए-२००६ या मापन पद्धतीची अटच ती आहे. अट न सांगता मोठा आकडा दिला असेल तर तो अँप तिथेच सोडा.

प्रश्न : चार चॅनलच्या अँपवर पुढचे दोन स्पीकर आणि ३-४ ब्रिज करून एक सबवूफर लावला. सबवर ‘ड्युअल ४ ओहम’ लिहिलंय. हळू आवाजात छान चालतं, वाढवला की दहा मिनिटांत लाल दिवा लागून बंद. थंड झाला की पुन्हा सुरू. अँप खराब निघाला का? — मालवण

अँप चांगला आहे, म्हणूनच बंद पडतोय. त्याच्यावर झेपणार नाही इतका भार आहे.

ड्युअल व्हॉइस कॉइल सबवूफरमध्ये दोन वेगळ्या कॉइल असतात, तुमच्या सबमध्ये प्रत्येकी ४ ओहमच्या. दोन्ही समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकापुढे एक जोडल्या तर ८. तुमच्याकडे बहुधा समांतर जोडून ब्रिजला दिल्या आहेत. ब्रिजमध्ये दोन चॅनल एकाच स्पीकरला दोन बाजूंनी ढकलतात, आणि प्रत्येक चॅनलला त्या स्पीकरचा निम्माच रोध जाणवतो. २ ओहमचा सब ब्रिजवर आला की प्रत्येक चॅनलला तो १ ओहम वाटतो. बाजारातले बहुतेक चार चॅनलचे अँप दर चॅनलला २ ओहमपर्यंतच सुरक्षित असतात. माहितीपत्रकात ‘ब्रिज, किमान ४ ओहम’ लिहिलेलं असतं ते यासाठी.

आधी खात्री करा. सबची दोन्ही टोकं अँपपासून सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून वायरीच्या टोकांवर मोजा. मीटर कॉइलचा डीसी रोध दाखवतो, तो छापील ओहमपेक्षा थोडा कमीच येतो. ४ ओहमच्या सबला ३.२ ते ३.७, आणि २ ओहमच्या जोडणीला १.६ ते १.९. स्वस्त मीटरच्या प्रोबचाच अर्धा ओहम असतो, म्हणून आधी प्रोब एकमेकांना टेकवून तो आकडा वजा करा.

मार्ग तीन आहेत. पहिला फुकटचा. ब्रिज सोडा, एक कॉइल ३ नंबरच्या चॅनलला द्या, दुसरी ४ नंबरच्या. प्रत्येक चॅनलला सरळ ४ ओहम मिळतात. अँप दर चॅनल ७५ वॅटचा असेल तर सबला १५० वॅट मिळतील आणि अँप कोमट राहील. अट अशी की दोन्ही चॅनलना अगदी एकच सिग्नल हवा आणि गेन सारखा हवा. सबवूफरची एक आरसीए असेल तर वाय केबलने दोन्हीकडे द्या. प्लस-मायनस दोन्ही कॉइलना सारखंच लावा. एक उलटी लागली तर दोन कॉइल एकमेकांविरुद्ध भांडतात, आवाज येत नाही आणि कॉइल तापते.

दुसरा मार्ग, कॉइल सिरीजमध्ये जोडून ८ ओहमवर ब्रिज ठेवायचा. हा सुरक्षित आहे, आणि गंमत म्हणजे प्रत्येक चॅनलला ४ ओहमच वाटतात, त्यामुळे ताकद पहिल्या मार्गाइतकीच भरते. वाय केबल नसेल आणि अँप ब्रिजमध्ये डावा-उजवा आपोआप एकत्र करत असेल तर हा सोपा.

तिसरा खर्चाचा. सब बदलून ‘ड्युअल २ ओहम’चा घ्या आणि कॉइल सिरीजमध्ये जोडा, ब्रिजला बरोबर ४ ओहम मिळतील. ७५ वॅटच्या अँपचे २ ओहमवर दर चॅनल ११० वॅट येत असतील तर ब्रिजवर २२० मिळतील. दीडशेवरून दोनशेवीस कानाला फार मोठा फरक वाटत नाही, दीड डेसिबलच्या आसपास भरतो. त्यासाठी चांगला सब विकायचा का, ते तुम्ही ठरवा. खोका भरून बेस हवाच असेल तर २ ओहमला किंवा १ ओहमला टिकणारा वेगळा मोनो क्लास डी घेणं बरं.

ब्रिज करताना कोणती टर्मिनल वापरायची ते अँपवर रेघ मारून दाखवलेलं असतं. बहुधा एका चॅनलचा प्लस आणि दुसऱ्याचा मायनस. अंदाजाने जोडू नका.

प्रश्न : गेन म्हणजे आवाजाचं बटण का? दुकानात तीन-चतुर्थांश फिरवून दिला होता, एका महिन्यात एक दरवाजा फाटल्यासारखा वाजायला लागला. — गुहागर

नाही. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलच्या व्होल्टेजशी अँप जुळवण्यासाठी गेन असतो. एका स्टिरिओची आरसीए २ व्होल्ट देते, दुसऱ्याची ४. तीन-चतुर्थांश म्हणजे किती, याला काही अर्थ नाही. गेन गरजेपेक्षा जास्त असला की स्टिरिओ निम्म्यावर असतानाच अँप पूर्ण ताकदीला पोचतो, आणि पुढे लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत ताकद जास्त असते आणि वरच्या सुरांचा कचरा भरपूर, त्यामुळे ट्विटर आधी जातो, मग कॉइल.

मल्टीमीटर असला तर अर्ध्या तासाचं काम आहे. स्पीकरच्या वायरी अँपवरून सोडवा. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, अँपवरचा बेस बूस्ट शून्यावर, गेन पूर्ण खाली. इंजिन चालू ठेवा आणि गाडी मोकळ्यावर उभी करा, बंद शेडमध्ये नको.

आता लक्ष्याचं व्होल्टेज काढा. वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. वॅट घेताना अँप आणि स्पीकर यांतला लहान आकडा घ्या. अँप ७५ चा आणि स्पीकर ५० चा असेल तर ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१ व्होल्ट. सबला २०० वॅट, ४ ओहम असेल तर ८०० चं वर्गमूळ २८.३.

पेन ड्राइव्हमध्ये शून्य डेसिबलचे टेस्ट टोन (एकाच सुराच्या फाइली) भरून घ्या, दरवाजांसाठी ४०० हर्ट्झ आणि सबसाठी ५० हर्ट्झ. एक हजार हर्ट्झ वापरायचा सल्ला सर्रास मिळतो. पण स्वस्त मीटरचा एसी व्होल्ट ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचा राहत नाही, म्हणून हा आकडा. स्टिरिओचा आवाज कमाल ४० असेल तर ३० ते ३२ वर ठेवा. मीटर एसी व्होल्टवर घेऊन त्या चॅनलच्या प्लस आणि मायनस टर्मिनलवर लावा (एक टोक गाडीच्या बॉडीला लावून मोजू नका) आणि गेन हळूहळू वाढवत लक्ष्यापर्यंत आणा. झाला तो चॅनल. ब्रिज असेल तर ब्रिजच्याच दोन टर्मिनलवर मोजा.

यानंतर स्टिरिओवर ३२ ही तुमची कमाल मर्यादा. गेनच्या स्क्रूवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली की सर्व्हिसिंगला गाडी गेल्यावर कुणी हात लावला का ते कळतं. जुनी भावगीतं, अभंग यांचं रेकॉर्डिंग मुळात हळू असतं. तीच जास्त ऐकत असाल आणि आवाज कमी वाटत असेल तर उणे ५ डेसिबलच्या टोनने पुन्हा लावा, त्याहून पुढे जाऊ नका.

फाटलेला दरवाजा मात्र गेन उतरवून दुरुस्त होत नाही. कव्हर काढून कोन बोटांनी सगळीकडून सारखा दाब देत आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतेय, स्पीकर बदला.

प्रश्न : गेल्या वर्षी बसवलेला अँप उत्तम होता. पावसाळ्यानंतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’ असा आवाज चढतो. — अलिबाग

आल्टरनेटरची शिट्टी. पावसाळ्यानंतर सुरू झाली म्हणजे पहिला संशय अर्थवर. खाऱ्या हवेत पत्र्यावरचा उघडा भाग एका पावसात गंजतो, स्क्रू वरून घट्ट दिसतो आणि खाली तांबडी भुकटी झालेली असते.

पण आधी तपासा. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज शून्य करा. शिट्टी गेली तर ती स्टिरिओच्या आधीच येतेय, बहुधा मोबाइल चार्जिंगला आणि ऑक्स केबलला एकाच वेळी लावल्यामुळे. चार्जर काढून पाहा. शून्यावरही राहिली तर गाडी आणि अँप बंद करून अँपवरच्या आरसीए काढा, पुन्हा सुरू करा. तरीही शिट्टी असेल तर दोष अँपच्या पॉवरमध्ये, अर्थमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत. थांबली तर आरसीएच्या बाजूला किंवा दोन ठिकाणच्या अर्थमधल्या फरकात.

अर्थ मोजायची पद्धत ओहमची नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक अँपच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं लांब वायरीने बॅटरीच्या मायनसवर, आणि गाणं मोठ्याने लावा. ०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक. अर्ध्या व्होल्टकडे गेलं तर कुठेतरी गंज आहे. अँपची वायर उघडून पाहाच, पण बॉनेटखालची बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी ही पट्टीही पाहा. तिच्याकडे कुणी बघत नाही.

अर्थ नव्याने करताना वायर ४५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. पत्र्यावरचा रंग चमक येईपर्यंत घासा. कथिल चढवलेला तांब्याचा लग (वायरीच्या टोकाचं कडं) नीट दाबून क्रिंप करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा, आणि आवळल्यानंतर वरून रंग किंवा ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून मग आवळणारे आहेत, ते उलटं आहे. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. मागच्या सीटखाली नवीन भोक पाडायचं असेल तर खाली डोकावून पाहा, बहुतेक गाड्यांची इंधनाची टाकी तिथेच असते.

वायरही तपासा. ‘८ गेज किट’ म्हणून विकलेल्या बऱ्याच वायरी ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. एक तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते. ती तांब्याच्या मानाने दोन-तृतीयांशच्या आत प्रवाह नेते. किनाऱ्यावर आणखी वाईट, कारण कापलेल्या टोकाला दमट खारी हवा लागली की ॲल्युमिनिअमची पांढरी पूड होते. देशावर अशी वायर काही वर्षं निभावते, इथे लगच्या आत पोकळ होते. इथे तांब्याचीच घ्या, पैसे अँपमधून वाचवा.

अर्थ स्वच्छ करूनही शिट्टी राहिली तर एक शेवटची तपासणी. स्टिरिओच्या आरसीएच्या बाहेरच्या कड्याला वायरीचा तुकडा लावून दुसरं टोक स्टिरिओच्या धातूच्या पेटीला टेकवा. शिट्टी एकदम गेली तर स्टिरिओमधला आरसीए-अर्थचा बारीक फ्यूज उडाला आहे. अँप चालू असताना त्याचा अर्थ सुटला किंवा आरसीए ओढल्या की हे होतं. दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती स्टिरिओ उघडणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न : गाडीला कंपनीचा टचस्क्रीन आहे, मागे आरसीए नाही. स्क्रीन न बदलता अँप लागेल का? — देवगड

लागेल. ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला अँप घ्या, तो स्पीकरच्याच वायरींतून सिग्नल उचलतो. कंपनीच्या वायरी कापू नका. तुमच्या मॉडेलचा टी आकाराचा हार्नेस मिळतो, तो मधे बसवला की वॉरंटीचा वाद टळतो. या स्क्रीनच्या स्पीकर वायरींतली एकही अर्थ नसते, दोन्हींवर साधारण ६ व्होल्ट असतात. त्यामुळे मायनस समजून एक बॉडीला जोडली की आतली आयसी जाते. बहुतेक अँप त्याच ६ व्होल्टवरून स्वतः चालू होतात, अँप चालू-बंद करणारी रिमोट वायर शोधत बसावं लागत नाही.

काही कंपन्यांच्या स्क्रीन आवाज वाढेल तसा बेस आपणहून कापतात. अँप लावूनही मोठ्या आवाजात बेस पातळ वाटला तर कारण ते. सबवूफरचा वेगळा नॉब असलेला अँप तिथे उपयोगी पडतो.

प्रश्न : नवा अँप, नवे स्पीकर, तरी बेस पूर्वीपेक्षा कमी! — सावंतवाडी

एका दरवाजाचं प्लस-मायनस उलटं लागलं आहे. स्टिरिओचा बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला की बेस भरून येतो आणि मध्यावर आणला की गायब होतो, असं होतंय का पाहा. होत असेल तर वायर अँपवरून सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस ज्या वायरीला लावल्यावर कोन बाहेर येतो, ती प्लस.

प्रश्न : गणपतीत गाडी खळ्यात उभी करून दोन-तीन तास भजनं लावतो. इंजिन बंद असतं. बॅटरी बसेल का? कॅपॅसिटर लावू का? — कणकवली

लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. मध्यम आवाजात चार चॅनलचा अँप आणि स्टिरिओ मिळून ८ अँपिअर धरा. बॅटरी निम्म्याच्या खाली न्यायची नाही म्हटलं तर हाताशी १७ अँपिअर-तास, म्हणजे दोन तास. तेही नव्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर. तीन वर्षांची बॅटरी असेल तर एक तासच धरा. भजनात सबवूफरला काही काम नसतं, त्याचा चॅनल बंद ठेवला तर वेळ बराच वाढतो. सिगारेट लायटरमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर घ्या, आणि गाणं चालू असताना तो १२ च्या खाली जाऊ लागला की इंजिन सुरू करा.

कॅपॅसिटर नको. एक फॅरडचा कॅपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर येताना २६ ज्यूल देतो. ३०० वॅटच्या अँपला ते सेकंदाच्या दहाव्या भागालाही पुरत नाहीत. त्या पैशात मोठी बॅटरी येईल का ते विचारा.

प्रश्न : मासेमारीच्या बोटीवर गाडीचा चार चॅनलचा अँप बसवायचा आहे. बोटीला दोन बॅटऱ्या आहेत, २४ व्होल्टची जोडणी. एकाच बॅटरीवरून १२ घेतले तर? — हर्णै

घेऊ नका. एकाच बॅटरीवरून घेतलं की ती रोज थोडी जास्त उतरते, आणि चार्जर मात्र दोघींना एकत्र मोजतो. उतरलेली कधी पूर्ण भरत नाही, दुसरी उकळत राहते. एका हंगामात दोन्ही जातात. २४ वर थेट लावायचा तर प्रश्नच नाही, गाडीचा अँप साधारण १० ते १६ व्होल्टसाठी असतो.

२४ वरून १२ करणारा डीसी कन्व्हर्टर घ्या, ३० अँपिअरचा. ५० गुणिले ४ च्या क्लास डी अँपला तो पुरतो. फायबरच्या बोटीला बॉडी अर्थ नसतो, त्यामुळे प्लस आणि मायनस दोन्ही वायरी थेट कन्व्हर्टरपर्यंत न्या. बॅटरीजवळ ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, अँपसाठी नाही. अँप केबिनमध्ये उभा, उंचावर, वायरी खालून वर चढतील अशा बसवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत अँपमध्ये शिरत नाही. पाण्यासाठी बनवलेल्या अँपच्या सर्किटवर लाखेसारखा थर दिलेला असतो. गाडीच्या अँपवर तो क्वचित असतो, आणि बोटीवर फरक इथेच पडतो. पैसे जमत असतील तर तोच घ्या.

क्लास डी अँप आणि कन्व्हर्टर दोन्ही रेडिओला त्रास देऊ शकतात. बसवल्यावर व्हीएचएफ संच चालू करून अँप बंद-चालू करत ऐका. खरखर वाढली तर दोघांमधलं अंतर वाढवा आणि वायरी वेगळ्या वाटेने न्या. व्हीएचएफवर फरक ऐकू येईनासा झाल्याशिवाय बोट बाहेर काढू नका.

प्रश्न : २०२१ च्या पुरात अँप पाण्यात गेला होता, तसाच पडून आहे. लावून बघू का? तो रिमोट वायरवर बंद होता, तरी आत काय बिघडणार? — चिपळूण

लावू नका. रिमोट बंद असला तरी बॅटरीची मुख्य वायर फ्यूजमधून अँपपर्यंत कायम जिवंत असते. गढूळ पाण्यात तेवढ्यावर प्रवाह वाहतो आणि सर्किटवरच्या तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. झाकण उघडून पॉवर टर्मिनलच्या आसपास हिरवा-पांढरा थर दिसला तर दुरुस्तीत पैसे घालू नका. पाणी उतरल्यावर लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवलेले अँप वाचू शकतात, इतकी वर्षं चिखलात राहिलेले नाही.

पुढच्या वेळी वाशिष्ठीला पाणी चढतंय असा भोंगा झाला आणि गाडी हलवता येत नसली, तर बॉनेट उघडून अँपचा फ्यूज तेवढा काढून खिशात टाका.